घोरपड, दोर आणि खेळणा गड: एका दंतकथेची पार्श्वभूमी

तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कोंढाण्याचा, म्हणजे सिंहगडाचा, कडा चढला, ही दंतकथा सगळ्यांनी ऐकलेली. तशीच कथा घोरपडे या आडनावामागेही आहे. कोल्हापूर जिल्ह्यात घोरपडे हे मातब्बर आडनाव. कागल तालुक्यातलं सेनापती कापशी हे संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं गाव. इचलकरंजीचे जहागीरदार मूळचे जोशी. त्यांचे मूळपुरुष नारो महादेव संताजींच्या पदरी नावारूपाला आले आणि त्यांनी धन्याचंच आडनाव लावलं. या आडनावामागची कथाही जिल्ह्यातल्याच गडाची, शाहूवाडी तालुक्यातल्या विशाळगडाची.

विशाळगडाचं जुनं नाव खेळणा. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि नाव बदललं. त्याआधी बहमनी फौजांना या गडाने फार छळलं. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खेळण्यावर निघाला, तेव्हा इथल्या शिर्क्यांनी त्याला वाटेतल्या रानात गाठून कापून काढला. पुढे १४७० च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावानने हा मुलूख जिंकला. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या कथेप्रमाणे त्या मोहिमेत त्यांचे पूर्वज कर्णसिंह घोरपडीला दोर बांधून कडा चढले, आणि १४७१ च्या फर्मानाने त्यांचा मुलगा भीमसिंह ‘राजा घोरपडे बहादूर’ झाला. मुधोळकर घराण्याकडच्या या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहे.

तानाजींच्या यशवंतीची गोष्ट लोकांपर्यंत आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाहीच. तिथे दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढतात, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडतात आणि मग तीनशे माणसं वर जातात. आम्हाला हेच पटतं, आणि त्यासाठी घोरपडीकडे नीट पाहिलं तरी पुरे.

आपल्याकडची घोरपड शेपटीसकट जास्तीत जास्त पावणेदोन मीटर भरते. त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच. वजन काही किलो. बोटभर नव्हे, इंचभर जाडीचा तीस मीटर दोर घेतला तर तोच दहा-बारा किलो होतो. म्हणजे माणसाचा भार राहू दे, नुसता दोरच तिला वर नेता येणार नाही. बारीक सुतळी नेईल, पण सुतळीवर मावळा चढत नाही.

मग पकडीची ख्याती खोटी का? मुळीच नाही. प्रत्येक पायाला पाच बोटं, त्यांना आकडीसारख्या वाकड्या नख्या. धोका दिसला की ती बिळात किंवा कपारीत शिरते, फुप्फुसात हवा भरून अंग फुगवते आणि दोन्ही बाजूंच्या दगडाला दाबून बसते. मागे ओढावं तशा नख्या आणखी रुततात. बिळातली घोरपड उपसताना माणसाला घाम फुटतो, तो यामुळे. पण हे सगळं कपारीत. उघड्या कातळावर अंग दाबायला दुसरी बाजूच नसते. दोर खाली आणि बाहेर ओढू लागला की नख्या सुटतात. शिवाय ती शिकवल्या जागी थांबणार नाही, आडोसा दिसेल तिकडे पळेल.

मोठी अडचण वेळेची आहे. घोरपड दिवसाचा प्राणी. थंड रक्ताचा असल्याने उन्हात अंग तापल्याशिवाय तो धड हलत नाही. कोंढाण्याची चढाई माघातल्या रात्रीची, म्हणजे नेमकी ती बिळात सुस्त पडून राहण्याची वेळ. उलट सह्याद्रीच्या कातळात थरांमुळे पडलेल्या आडव्या पट्ट्या, चिरा आणि गवताचे ठोंब असतात, आणि त्यांवरून अंधारात चढणारी माणसं मावळात होती. त्यांचं श्रेय प्राण्याला देऊ नये. ‘घोरपड’ हे चढाईच्या एखाद्या आकडीचं किंवा दोराच्या शिडीचं नाव असावं, असाही एक अंदाज मांडला जातो.

या ख्यातीचा भुर्दंड मात्र घोरपडच भरते आहे. ताकदीसाठी मांस, सांधेदुखीवर तेल, खंजिरीला कातडं. त्यात ‘हातजोडी’चा धंदा: जोडलेल्या हातांसारखी दिसणारी, धनलाभाची म्हणून विकली जाणारी ती मुळी. २०१७ मध्ये देशभर पडलेल्या छाप्यांतून उघड झालं की मुळी म्हणून विकलं जात होतं ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. मारली, पकडली किंवा तिचा अवयव बाळगला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड.

ऊसपट्ट्यात ती बांधाच्या बिळात, वारुळात असते. किडे, खेकडे, उंदीर, अंडी खाते. गोठ्यात किंवा घरात आली तर आतली दारं लावा, बाहेरचं एक उघडं ठेवा आणि लांब उभे राहा. कोंडीत धरली तर शेपटीचा फटका मारते, चावतेही. शेपटी धरून ओढू नका. पालीसारखी ती तुटून पुन्हा येत नाही. निघतच नसेल तर वनविभागाची मदतवाहिनी: १९२६.