गाय इथे, गाढव तिथे

ज्यू धर्मशास्त्रातल्या अदलाबदलीबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे: या हातानं द्यायचं, त्या हातानं घ्यायचं, आणि दोघांनी आपापली वस्तू ताब्यात घेतली तरच मालकी बदलते. तसं नाही. मिश्ना म्हणजे ज्यू धर्मनियमांचा प्राचीन संग्रह. तिचा नियम असा, की एकानं समोरच्याची वस्तू ओढून घेतली की त्याच क्षणी त्याची स्वतःची वस्तू समोरच्याची होते, मग ती कुठेही असो. गाढववाल्यानं गाय ओढून नेली आणि तासाभरात लांब माळावरचं गाढव मेलं, तर नुकसान गाईवाल्याचं. त्यानं गाढवाला हातही लावलेला नसला तरी.

यातूनच मिश्नातला तो प्रसिद्ध तंटा उभा राहतो. गाढवाच्या बदल्यात गाय दिली, गाढव ओढून नेलं, आणि तिकडे लांब असलेली गाय व्यायली. वासरू सौद्याआधीचं की नंतरचं? गाय डोळ्यांसमोर असती तर प्रश्नच आला नसता. मिश्ना म्हणते, अर्धं-अर्धं वाटून घ्या. (वासराचं अर्धं म्हणजे अर्थात किमतीचं.)

पैशाचं मात्र उलटं. नाणं अदलाबदलीची वस्तू ठरत नाही, आणि नुसते पैसे मोजून जंगम मालाची मालकी मिळत नाही. माल ओढून किंवा उचलून घ्यावा लागतो. कारण फार व्यवहारी आहे: नाहीतर पैसे घेतलेला विक्रेता म्हणेल, ‘तुझा गहू माळ्यावर जळाला.’ तरीही पैसे घेऊन शब्द फिरवणाऱ्याला न्यायालय शाप ऐकवतं, जलप्रलयाच्या पिढीला शिक्षा करणाऱ्या देवाचं नाव घेऊन.