हिमस्खलन : कारणमीमांसा व धोक्याचे मूल्यमापन

बर्फाच्छादित उतारावरील हिमाचा मोठा साठा एकाएकी सुटून वेगाने खाली येणे म्हणजे हिमस्खलन. हिमनदीचा कडा कोसळणे, तसेच खडक व बर्फ एकत्र ढासळणे (उदा., ७ फेब्रुवारी २०२१ रोजीची चमोली जिल्ह्यातील दुर्घटना) यांची कारणे वेगळी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. सुट्या हिमाचे स्खलन एका बिंदूपासून सुरू होऊन खाली पसरत जाते. ओल्या हिमाचे स्खलन वितळपाणी किंवा पाऊस मुरल्याने होते. गिर्यारोहक व स्कीपटू यांचे बळी मात्र प्रामुख्याने लादी-स्खलन घेते. त्यात वरचा घट्ट थर खालच्या कमकुवत थरापासून सुटतो आणि लादीसारखा अखंड सरकू लागतो.

हा कमकुवत थर बहुधा हिमाच्या अंगातच तयार होतो. जमिनीलगतचे हिम ०° से.च्या आसपास असते, तर वरची हवा कडाक्याची थंड असते. हिमाच्या थरात मीटरमागे सुमारे १०° से.पेक्षा अधिक तफावत पडली, की बाष्प खालून वर सरकते आणि गोलसर कणांच्या जागी साखरेसारखे रवाळ, एकमेकांना न धरणारे स्फटिक वाढतात. थर जितका पातळ, तितकी ही तफावत तीव्र. त्यामुळे कमी हिमवृष्टीचा हिवाळा निर्धोक समजणे घातक ठरते. निरभ्र रात्री पृष्ठावर जमलेले तुषारस्फटिक पुढच्या हिमवृष्टीखाली गाडले गेले, तरी असाच थर बनतो.

लादी नेमकी सुटते कशी, याविषयी दीर्घकाळ मतभेद आहेत. कमकुवत थर कर्तन-प्रतिबलामुळे, म्हणजे उताराच्या दिशेने होणाऱ्या ओढीमुळे, तुटतो असे मत पूर्वी रूढ होते, डी. एम. मॅक्‌क्लंग यांनी १९७९ मध्ये त्याला भंग-यामिकीची (पदार्थात भेग कशी पडते व पसरते याच्या शास्त्राची) बैठक दिली. परंतु सपाटीवर चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होऊन दूरचा उतार सुटल्याची निरीक्षणे या मताने नीट उलगडत नाहीत, कारण सपाटीवर उताराची ओढ नसतेच. २००८ मध्ये हायर्ली, गुम्बश व झायझर यांनी पर्यायी उपपत्ती मांडली : कमकुवत थर आधी खचतो, लादी त्यावर वाकते आणि तिच्या वजनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर भेग पुढे धावते. अलीकडच्या संगणकीय प्रतिमानांनुसार भेगेची सुरुवात खचण्यातून होते. तीव्र उतारावर ती काही मीटर पुढे गेली, की कर्तनाचे प्राबल्य होऊन तिचा वेग फार वाढतो. दोन्ही प्रकारची निरीक्षणे सामावून घेणारी हीच मांडणी आज अधिक ग्राह्य वाटते.

या वादाचा परिणाम प्रत्यक्ष चाचण्यांवरही झाला. २००६ पासून प्रचारात आलेल्या विस्तारित स्तंभ चाचणीत उताराला आडवा ९० सेंमी. व उताराच्या दिशेने ३० सेंमी. असा हिमस्तंभ मोकळा करतात. एका टोकाला फावड्याचे पाते ठेवून त्यावर मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून प्रत्येकी १० थापा देतात. कितव्या थापेला थर तुटला यापेक्षा भेग त्याच किंवा लगेचच्या थापेला दुसऱ्या टोकापर्यंत गेली का, हे महत्त्वाचे. गेली, तर तो उतार टाळावा.

धोका (स्खलन होण्याची शक्यता) व जोखीम (त्यातून माणसांची वा मालमत्तेची हानी होण्याची शक्यता) यांत फरक करतात. निर्जन दरीत कितीही मोठे स्खलन झाले तरी जोखीम नगण्य. रस्ता, छावणी वा गाव वाटेत आले, की ती उद्‌भवते. लादी-स्खलने बहुतांशी ३०° ते ४५° उतारांवर सुटतात. यूरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरतात. आल्प्समध्ये स्कीपटूंचे सर्वाधिक मृत्यू वरच्या दोन पायऱ्यांवर नव्हे, तर तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात.

वस्तीसाठी दीर्घकालीन नकाशे लागतात. आल्प्समधील १९५०-५१ च्या भीषण हिवाळ्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये या कामाला वेग आला. स्खलनाचा वेग व पल्ला काढण्याचे फेल्मी यांचे गतिप्रतिमान १९५५ चे. ३०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या स्खलनाचा दाब ३० किलोपास्कल किंवा अधिक असेल, तर ती जागा लाल पट्ट्यात धरून तेथे नवे बांधकाम नाकारतात. तरीही २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर येथे सुरक्षित मानलेल्या भागात स्खलन घुसून ३१ जण मरण पावले. नकाशा जुन्या नोंदींइतकाच विश्वसनीय असतो.

हिमालयात अशा नोंदी विरळ आहेत. पीर पंजाल रांगेत हिम जाड व तुलनेने उबदार, तर काराकोरममध्ये ते पातळ व अतिथंड असल्याने एकच निकष दोन्हीकडे चालत नाही. मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये संरक्षण भूमाहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन झाली. पूर्वानुमान आता तीच देते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमधील सोनम चौकीवर साताऱ्याच्या एका जवानासह १० जण बळी पडले. ती घटना हिमस्खलन म्हणून नोंदली गेली असली, तरी बर्फाची भिंत कोसळल्याची वर्णने पाहता तिचे वर्गीकरण चर्चेचा विषय आहे.

गाडल्या गेलेल्या व्यक्तीला पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घटलेली असते. त्यामुळे बाहेरच्या पथकापेक्षा सोबत्यांजवळचे संकेतक (गाडलेल्याची जागा दाखवणारे रेडिओ-उपकरण), शोधकाठी व फावडे यांवरच जीव अवलंबून असतो.

तापमानवाढीच्या परिणामाबाबत एकमत नाही. आल्प्सच्या कमी उंचीच्या भागात स्खलने घटल्याचे दिसते. उलट हिमाचल प्रदेशातील वृक्षवलयांवरून (स्खलनाच्या आघाताच्या खुणा जपणाऱ्या, झाडांच्या खोडातील वार्षिक वाढीच्या कड्यांवरून) २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती वाढल्याचा निष्कर्ष आहे. तो एकाच परिसरातील झाडांवर आधारित असल्याने संपूर्ण हिमालयाला लावणे घाईचे ठरेल.