सोळा पिनांचा पॉवर कनेक्टर: ८-पिनपासून वितळलेल्या प्लगपर्यंत

ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा सोळा पिनांचा नवा प्लग काही पीसींत वितळला; तो का, हे समजायला थोडं मागून सुरुवात करावी लागते. आजचा गेमिंग पीसी जवळजवळ पूर्ण १२ व्होल्टवर चालतो. १९९५ च्या एटीएक्स या पीसीच्या वीजपुरवठ्याच्या मानकात बहुतेक भार ३.३ आणि ५ व्होल्टवर होता. २००० मध्ये प्रोसेसरसाठी चार पिनांचा १२ व्होल्टचा वेगळा प्लग आला आणि २००३ मध्ये मदरबोर्डचा प्लग २० वरून २४ पिनांचा झाला. ग्राफिक्स कार्डं तोवर हार्ड डिस्कच्या मोलेक्स प्लगवर भागवत होती. पीसीआय एक्स्प्रेसने (कार्ड मदरबोर्डला जोडण्याचं मानक) २००४ पासून हिशेब बांधून दिला: स्लॉटमधून ७५ वॅट, ६-पिनमधून आणखी ७५ आणि पुढे ८-पिनमधून १५०.

८-पिनमध्ये १२ व्होल्टच्या तारा तीनच असतात. उरलेल्या पाचांपैकी तीन ग्राउंड आणि दोन सेन्स, म्हणजे भार न वाहता फक्त खूण देणाऱ्या. १५० वॅट म्हणजे १२.५ अँपिअर, म्हणजे तारेमागे ४.२ च्या आतबाहेर. हा पिन आठ-नऊ अँपिअर सहज पेलतो, त्यामुळे मर्यादा जवळपास निम्म्यावर ठेवलेली होती. प्लग थोडा सैल बसला, एसएमपीएसच्या (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) एका केबलला दोन डोकी लावून काम भागवलं, तरी सहसा काही जळत नसे.

भार कुठून किती ओढायचा हे केबल ठरवत नाही, कार्डावरचं सर्किट ठरवतं. २०१६ मध्ये एएमडीच्या आरएक्स ४८० कार्डाने एकच ६-पिन लावून स्लॉटमधून ७५ वॅटच्या वर ओढायला सुरुवात केली, तेव्हा कंपनीने थोड्याच दिवसांत ड्रायव्हर अपडेट देऊन तो भार ६-पिनकडे वळवला. केबल किंवा प्लग बदलावा लागला नाही. पुढचा सगळा वाद समजायला हे पुरतं.

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांच्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्त्यांवर १२ पिनांचा छोटा प्लग दिसला. पिनांतलं अंतर ४.२ वरून ३ मिलिमीटरवर आलं. २०२२ मध्ये त्यालाच चार बारीक सेन्स पिन जोडून सोळा पिनांचा १२व्हीएचपीडब्ल्यूआर तयार झाला आणि एटीएक्स ३.० मध्ये गेला. मर्यादा ६०० वॅट. १२ व्होल्टवर हे ५० अँपिअर, १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटले तर ८.३३. पिनची क्षमता ९.५ च्या आसपास. म्हणजे ८-पिनवर दुपटीच्या जवळ असलेली सुरक्षिततेची सवलत इथे जेमतेम १.१ पट उरली.

सेन्स पिनांबद्दल गैरसमज फार आहे. त्यांपैकी दोन ग्राउंडला जोडलेले आहेत की मोकळे, एवढंच पाहून कार्ड १५०, ३००, ४५० की ६०० वॅट मागायचे ते ठरवतं. पॉवर पिनांतून किती करंट जातोय किंवा ते पूर्ण आत गेलेत का, हे त्यांना कळत नाही.

पण सवलत कमी झाली म्हणून लगेच प्लग वितळले असं नाही. मार्च २०२२ च्या आरटीएक्स ३०९० टीआयवर हाच सॉकेट होता, भार ४५० वॅट, आणि तक्रारी नगण्य. त्या कार्डावर सहा पिनांच्या तीन जोड्या केलेल्या होत्या. प्रत्येक जोडीचा करंट वेगळा मोजला जाई आणि भार तिघींत वाटला जाई. एखाद्या जोडीचा संपर्क पूर्ण तुटला, तर कार्ड चालूच होत नसे. ऑक्टोबर २०२२ च्या ४०९० वर ही विभागणी काढून टाकली. सहाही पिन सॉकेटच्या मागे एकाच पट्टीत मिसळले. जागा वाचली, सुटे भाग वाचले.

यापुढे करंटची वाटणी फक्त संपर्काच्या रोधावर राहिली. चार पिन कळकट किंवा ढिले असतील, तर उरलेले दोन सगळा भार उचलतात आणि कार्डाला पत्ताही लागत नाही, कारण त्याला एकूण बेरीज बरोबर दिसते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. पाच मिलीओमच्या संपर्कात ८.३३ अँपिअरला ०.३५ वॅट उष्णता होते, २० अँपिअरला २ वॅट. एवढ्याशा पिनला हे फार आहे. त्यात अकोला-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त.

पहिले प्लग वितळले तेव्हा एनव्हिडियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ५० प्रकरणं मान्य केली आणि प्लग नीट न बसवल्याचं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं. अर्धवट बसलेले प्लग खरोखर सापडत होते. पण जुन्या ८-पिनवर तीच चूक पचून जायची, हा मुद्दा त्या खुलाशात नव्हता. काटकोनी अडॅप्टरांनी आणखी गोंधळ घातला. त्यांतला एक अमेरिकेत २०२४ मध्ये सुमारे २५,००० च्या संख्येने परत मागवला गेला.

२०२३ मध्ये दुरुस्ती आली: १२व्ही-२x६. सेन्स पिन सुमारे दीड मिलिमीटर आखूड, पॉवर पिन पाव मिलिमीटर लांब, म्हणजे प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय कार्ड वीज मागणार नाही. बदल सॉकेटमध्ये आहे, केबल तीच चालते. ‘नवी सुरक्षित केबल’ म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. करंटची वाटणी मात्र तशीच राहिली. जानेवारी २०२५ चं ५०९० थेट ५७५ वॅटचं आलं आणि फेब्रुवारीत जर्मनीतल्या एका ओव्हरक्लॉकरने (कार्ड ठरलेल्या वेगापलीकडे चालवून पाहणाऱ्याने) पूर्ण बसवलेल्या केबलच्या एकाच तारेत २० अँपिअरहून जास्त करंट मोजून दाखवला.

घरी हीच तपासणी करायची तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा एसी क्लॅम्प इथे काहीच दाखवत नाही. कार्ड पूर्ण भारावर पाच-दहा मिनिटं चालवून १२ व्होल्टच्या सहा तारा एकेक करून मोजाव्यात. ४५० वॅटवर प्रत्येकीत सव्वासहाच्या आसपास यायला हवं. एखादी ९.५ च्या वर असेल, तर पीसी बंद करून केबल बदलावी, तीही त्याच एसएमपीएसच्या मॉडेलसाठी बनवलेली. एसएमपीएसकडच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची निराळी असते आणि चुकीची केबल कार्डच जाळू शकते. प्लगपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल वाकवू नये. उगाच काढघालही नको, सॉकेट सुमारे ३० वेळांसाठीच बनवलेला असतो. गेममध्ये स्क्रीन काळी होऊन कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने सुटले, तर ड्रायव्हर बदलत बसण्याआधी प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का ते पाहावं. सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली की ५७५ चे ४६० वॅट होतात आणि पिनमागे ६.४ अँपिअर उरतात. फ्रेम रेट त्या प्रमाणात घसरत नाही.

दरम्यान काही महागड्या कार्डांवर प्रत्येक पिनचा करंट मोजणारे सेन्सर आले आहेत. ते इशारा देतात, पण मोजल्यानंतर पिन पुन्हा त्याच एका पट्टीत मिसळतात, त्यामुळे भार वळवता येत नाही. प्रतिस्पर्धी एएमडीच्या बहुतेक कार्डांवर अजून दोन किंवा तीन ८-पिनच आहेत.