माउथपीसचे नऊ दिवस

ट्रम्पेटचा माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा भाग, काढून हातात घ्या आणि त्याच्या रुंद तोंडावर तळहात पटकन आपटा. ‘टॉप्’ असा बारीकसा, पण अगदी नेमका स्वर निघेल. आता दुसरा माउथपीस घेऊन तेच करा. तळाचं बारीक भोक सारखंच असेल, तर उथळ कपाचा (कप म्हणजे माउथपीसची वाटी) ‘टॉप्’ थोडा चढा लागेल आणि खोल कपाचा उतरलेला. माउथपीसवर कोरलेल्या आकड्यांपेक्षा हा आवाज त्याच्याबद्दल जास्त सांगतो, असं माझं मत आहे.

अरुंद तोंडाच्या बाटलीवर फुंकर मारली की ती घुमते, तसाच हा प्रकार. कपातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते. कपाच्या तळाशी जे बारीक भोक असतं, ज्याला घसा म्हणू, त्यातला हवेचा छोटासा गोळा त्या स्प्रिंगवर मागेपुढे हलत राहतो. ट्रम्पेटच्या माउथपीसचा हा स्वतःचा स्वर साधारण ८५० हर्ट्झच्या आसपास असतो. कप लहान केला की स्प्रिंग ताठर होते आणि स्वर चढतो.

तळहाताच्या या खेळाचा वाजवण्याशी फार जवळचा संबंध आहे. नेहमीच्या, म्हणजे बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर जवळपास दीड मीटर भरेल. एका टोकाला ओठांनी बंद केलेली साधी सरळ नळी मूळ सुराच्या १, ३, ५, ७ अशा विषम पटींतच गुंजते. नळी जिथे गुंजते, त्या सुरांना तिचे अनुनाद म्हणतात. तिच्यावर बिगुलाची साधी धूनसुद्धा धड वाजणार नाही. म्हणून ट्रम्पेटची दोन्ही टोकं बदललेली असतात. पुढचा पसरट कर्णा खालचे अनुनाद वर ढकलतो आणि मागचा माउथपीस वरचे अनुनाद खाली ओढतो. खालच्या सुरांना माउथपीस म्हणजे नळीचा एक लहानसा तुकडा वाटतो. पण आपल्या ‘टॉप्’च्या स्वराजवळ तोच माउथपीस सुमारे दहा सेंटीमीटर नळी जोडल्यासारखा वागतो. म्हणजे उंच सुरांसाठी नळी किंचित लांबते आणि ते हवे तेवढे उतरतात. ही ओढाताण जुळून आली की २, ३, ४, ५, ६ अशी शिडी तयार होते. सगळ्यात खालची पायरी तेवढी बेसूरच राहते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सगळं फार सुंदर उलगडून दाखवलं.

माउथपीस आणखी एक काम करतो. स्वतःच्या स्वराच्या आसपासचे नळीचे अनुनाद तो ठळक करतो, आणि तिथे ओठांना टेकू मिळतो. ट्रम्पेटवाले ज्याला हाय सी म्हणतात, तो बी-फ्लॅट वाद्यावर प्रत्यक्षात सुमारे ९३२ हर्ट्झचा असतो. उथळ कपामुळे टेकूची जागा वर सरकते, म्हणून ‘उथळ कप उंच सूर देतो’ असा समज पसरलाय. खरं तर तो सूर देत नाही, सूर धरायला मदत करतो. सेकंदाला ९३२ वेळा उघडझाप करायचं काम ओठांनाच करावं लागतं. त्यांना ते जमत नसेल तर कितीही उथळ कप लावा, वर जाऊन आवाज चिरकणारच. शिवाय उथळपणाची किंमत मोजावी लागते. खालचे सूर पातळ होतात आणि आवाजाला धार येते. ती मोठ्या जॅझ बँडमधल्या आघाडीच्या ट्रम्पेटला शोभते, पण ऑर्केस्ट्रातल्या संथ तुकड्यात कानाला टोचते. जाड ओठांच्या वादकाला तर वेगळाच अनुभव येतो. जोर वाढला की ओठ कपाच्या तळाला टेकतात आणि सूर मध्येच बंद पडतो.

आता त्या कोरलेल्या आकड्यांकडे वळू. व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावात जन्मलेले व्हिन्सेंट बाख शिक्षणाने इंजिनिअर आणि पेशाने ट्रम्पेटवादक. दुरुस्तीला दिलेला त्यांचा आवडता माउथपीस कारागिराच्या हातून बिघडला, आणि १९१८ साली न्यू यॉर्कमध्ये ते स्वतःच माउथपीस बनवू लागले. त्यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान, तितका कपाचा व्यास मोठा. अक्षरांत ए सगळ्यात खोल, मग बी, सी असं करत ई-एफपर्यंत उथळ. यामाहा आणि शिल्की या कंपन्यांचं बरोबर उलटं आहे. तिथे आकडा वाढला की व्यास वाढतो आणि ए म्हणजे उथळ. शिवाय कपाला उतार असतो आणि व्यास कोणत्या खोलीवर मोजायचा यावर सगळ्यांचं एकमत नाही. त्यामुळे एका कंपनीचे मिलिमीटर दुसरीच्या मिलिमीटरशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नसतो.

नव्या ट्रम्पेटसोबत बहुतेक वेळा ७सी येतो. म्हणून ७सी म्हणजे शिकाऊ, मग ५सी, मग ३सी, आणि १½सी लावला की आपण मोठे झालो, अशी इयत्तांची कल्पना रूढ झाली आहे. बाखच्या तक्त्यात ७सीचा व्यास १६.२० मिमी आहे आणि ३सीचा १६.३०. फरक ०.१ मिमी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा. ओठांना दोन्हींत जे वेगळेपण जाणवतं, त्यातलं बरंचसं रिमच्या, म्हणजे ओठांवर टेकणाऱ्या कडेच्या आकारामुळे येतं, असं मला वाटतं. १½सी मात्र १७ मिमीचा. तिथे ओठाचा खरोखरच जास्त भाग कंप पावतो. आवाज भरदार होतो, पण स्नायूंना काम वाढतं, आणि रोज तासनतास न वाजवणाऱ्याचे ओठ लवकर गळतात.

रिमकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात. रुंद, सपाट रिम दाब पसरवते, त्यामुळे जास्त वेळ वाजवता येतं, पण ओठ जखडल्यासारखे होतात आणि सुरांच्या उड्या जड जातात. आतली कडा धारदार असेल तर सुराची सुरुवात स्वच्छ होते. फार गोल असेल तर ती पुसट होते. वाजवून झाल्यावर आरशात बघा. ओठावर खोल, लालसर कडं तासाभरानेही दिसत असेल, तर दुसरा माउथपीस शोधण्याआधी आपण तो किती दाबतोय ते तपासा. घशाचं थोडक्यात सांगतो. बाखचा नेहमीचा घसा सुमारे ३.६६ मिमीचा असतो. तो ड्रिलने रुंद करून घेण्याची हौस काहींना असते. हवा मोकळी जाते खरी, पण दमही भराभर संपतो. आणि एकदा कोरलेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

निवडताना खरी अडचण नव्याच्या नऊ दिवसांची असते. नवा माउथपीस पहिल्या दिवशी जवळजवळ नेहमीच जुन्यापेक्षा चांगला वाटतो. रिम ओठाच्या जराशा वेगळ्या जागी बसते, त्यामुळे थकलेल्या जागेला विसावा मिळतो, आणि आपणही जास्त कान देऊन वाजवतो. मी तर पहिल्या संध्याकाळी हाय सीच्याही वर दोन सूर लागले म्हणून एक उथळ माउथपीस घेतला. दुसऱ्या आठवड्यात ते दोन्ही सूर गेले, आणि खालच्या सुरांचा गाभाही गेला.

तेव्हापासून मी उंच सूर सगळ्यात शेवटी वाजवून पाहतो. आधी ओठ गरम करायचे. मग मधल्या पट्टीत एक लांब सूर अगदी हळू आवाजात सुरू करायचा, कारण ओठ आणि कप यांचं जमतंय की नाही ते हळू आवाजातच कळतं. त्यानंतर ट्यूनर, म्हणजे सूर चढा की उतरा ते दाखवणारं यंत्र, समोर ठेवून सप्तकाच्या उड्या. नव्या माउथपीसवर वरचे सूर चढे आणि खालचे उतरे लागत असतील, तर कप आपल्या वाद्याला फार उथळ आहे. जमल्यास कुणाला तरी चार-पाच पावलांवर उभं करून पाठ फिरवायला सांगायचं. कर्णा पुढे तोंड करून असतो, त्यामुळे आपल्याला ऐकू येणारा आवाज आणि समोरच्याला ऐकू येणारा आवाज सारखा नसतोच.

खर्च करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. माउथपीसची दांडी ट्रम्पेटच्या खोबणीत जिथे संपते आणि आतली नळी जिथे सुरू होते, त्यांच्यामध्ये थोडी फट असते. ती कमी-जास्त झाली की सूर पकडण्यातला सैलपणा किंवा घट्टपणा बदलतो. दांडीभोवती कागदाची एक पातळ पट्टी गुंडाळा. माउथपीस थोडा बाहेर येईल आणि फट वाढेल. तोच उतारा वाजवा, पट्टी काढा, पुन्हा वाजवा. दोन्हींचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, कोणतं कुठलं ते न बघता.