दोन माग, एक खळ

मामांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरात सगळे कावीळच म्हणत होते. पाठ दुखायची, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं, पण पॉवरलूमवर तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाची पाठ दुखणारच, असं आम्ही धरून चाललो. सीटी स्कॅन झाल्यावर कळलं, स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत पोचली आहे. पोटात खोलवर, जठराच्या मागे असलेला हा अवयव बहुतेकांच्या बाबतीत असाच उशिरा बोलतो.

मुंबईच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने परतताना मामीचं एकच चाललं होतं, "ह्यांच्यावर प्रयोग करू देणार नाही मी."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सुताला लावायची नवी खळ आली की आपण काय करतो? एका मागावर जुन्या खळीचा बीम, दुसऱ्यावर नव्या खळीचा. सूत तेच, माल तोच. दिवसभरात कुठे किती धागे तुटले ते मोजायचं."

"आणि नवी खळ मुद्दाम चांगल्या मागावर चढवली तर?" मी विचारलं.

"तर नाव खळीचं होईल, काम मागाचं असेल."

औषधाच्या चाचणीचं मर्म इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. नवं औषध कुणाला आणि जुनं कुणाला, हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही नाही. संगणक चिठ्ठी टाकावी तसं ठरवतो. नाहीतर त्यातल्या त्यात धडधाकट माणसं नकळत नव्या औषधाकडे जातील. आणि दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडलेलं नसतं. पसरलेल्या आजाराच्या पहिल्या उपचारात त्यांना सहसा त्या वेळची रूढ केमोथेरपी मिळते.

१९९७ साली जेमसिटाबिन या तेव्हाच्या नव्या औषधाची तुलना जुन्या फ्लुओरोयुरॅसिलशी झाली, रुग्ण १२६. निम्मे रुग्ण जितके दिवस ओलांडतात तो काळ ४.४१ महिन्यांवरून ५.६५ महिन्यांवर गेला. आकडा लहान वाटेल. पण त्या चाचणीत मुख्यतः मोजलं होतं ते दुखणं, वजन आणि स्वतःचं स्वतः करण्याची ताकद. जेमसिटाबिनवर शंभरातल्या सुमारे २४ जणांना असा आराम पडला, जुन्या औषधावर ५ जणांना. रात्री आडवं होऊन झोपता येणं म्हणजे काय, हे मामांकडे बघून मला कळतं. म्हणून ती मोजणी मला फार मोलाची वाटते. पुढे २०११ साली फ्रान्समध्ये चार औषधं एकत्र देऊन हाच काळ ६.८ वरून ११.१ महिन्यांवर नेला गेला. २०१३ साली जेमसिटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेल या आणखी एका केमोथेरपीच्या औषधाची जोड दिली, तेव्हा ६.७ चे ८.५ झाले.

आता मामांच्या चांगल्या मागाची गोष्ट. या गाठीभोवती तंतू आणि चिकट पदार्थ यांचं घट्ट विणीचं आवरण असतं, सोलापुरी चादरीसारखं. औषध आत शिरायला त्यामुळे अडचण येते. त्यातला चिकट पदार्थ विरघळवणारं एक विकर (एन्झाइम) शोधलं, लहान चाचणीत आशाही दिसली. मग ४९४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि केमोथेरपीच्या जोडीला विकर मिळालेल्यांचा आकडा आला ११.२ महिने. जुन्या ८.५ शेजारी ठेवला तर कुणीही पेढे वाटले असते. पण त्याच चाचणीत नुसती केमोथेरपी घेतलेल्यांचा आकडा होता ११.५. म्हणजे काम खळीचं नव्हतंच. दुसरा गट नसता तर हजारो लोकांना एक निरुपयोगी इंजेक्शन वर्षानुवर्षं टोचलं गेलं असतं.

सध्याची आशा केरास नावाच्या जनुकावर आहे. या कर्करोगात शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांत ते बिघडलेलं असतं. त्याच्या प्रथिनाला औषध चिकटेल अशी खाचच नाही, असं कित्येक वर्षं मानत होते. २०१३ साली बिघडलेल्या प्रथिनाच्या एका प्रकारात खाच सापडली, पण स्वादुपिंडात तो प्रकार शंभरात एक-दोघांतच आढळतो. आता बाकीचे प्रकार अडवणारी औषधं चाचणीत उतरली आहेत.

मामीची भीती मात्र खोटी नव्हती. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. २०१९ च्या नियमांप्रमाणे रुग्णाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र लागतं, नैतिकता समितीची मंजुरी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. चाचणीची नोंद सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. "केव्हाही बाहेर पडता येईल" ही ओळ मामीने दोनदा वाचायला लावली. मामांनी मागे पेन्सिलीने लिहिलं: मुंबईला किती खेपा? जाण्यायेण्याचा खर्च कुणाचा? दुसऱ्या गटात गेलो तर कुठलं औषध?

सही अजून व्हायची आहे. बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, ठरलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय चाचणीत घेत नाहीत. पित्त वाहतं राहावं म्हणून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवलाय. काल सकाळी रक्त दिलं, रिपोर्ट आज संध्याकाळी मिळेल. मामा आरसा घेऊन खिडकीपाशी बसलेत आणि खालची पापणी ओढून मामीला विचारतायत, "कालच्यापेक्षा कमी आहे का गं?"