झाकणांचं कापड आणि त्यामागची तीस वर्षं

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या टर्बाइन हॉल नावाच्या प्रचंड दालनात ऑक्टोबर २०२३पासून एप्रिल २०२४पर्यंत अवाढव्य पडदे टांगलेले होते. लांबून भरजरी कापड, जवळ गेलं की दारूच्या बाटल्यांची झाकणं. चेपलेली आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेली. हे काम घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई यांचं. त्यांच्याबद्दल बोलताना ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द हटकून येतात. मला ते फार अपुरे वाटतात.

अनात्सुई १९४४ साली तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, अन्याको गावी जन्मले. घराण्यात केंटे या पट्ट्यापट्ट्यांच्या रंगीत कापडाची विणकरी होती. वडील विणायचे, भाऊ विणायचे. हे मात्र मागावर बसले नाहीत. कुमासीच्या कला महाविद्यालयात त्यांना शिकवलं गेलं ते युरोपीय पद्धतीचं शिल्प. आपलं काय, हे शोधायला ते तिथल्या सांस्कृतिक केंद्रात जाऊन विणकर आणि कारागिरांचे हात बघत बसायचे. पुढे बाजारात बायका ज्या गोल लाकडी थाळ्यांवर माल मांडत, त्याच थाळ्या त्यांनी घेतल्या आणि तापलेल्या सळईने त्यांवर चिन्हं उमटवली. १९७५मध्ये नायजेरियातल्या न्सुक्का इथल्या विद्यापीठात शिकवायला गेल्यावर फुटक्या मडक्यांची शिल्पं आली, मग लाकूड. लाकूड ते चेनसॉने कापत. वसाहतवाद्यांनी आफ्रिकेचे जे तुकडे पाडले, ते त्यांना त्या ओरबाडल्या खुणांत दिसत.

न्सुक्काजवळ झाकणांनी भरलेली एक टाकून दिलेली पिशवी त्यांना सापडली ती १९९८च्या सुमारास. ती काही महिने स्टुडिओत तशीच पडून होती. ही वाट बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

काम कसं चालतं, ते बघण्यासारखं आहे. झाकणाची कड कापून सपाट पट्टी करायची, वरची चकती वेगळी दुमडायची, मानेवरचं कडं पिळायचं. मग टोच्याने भोकं पाडायची आणि तार ओवून गाठ मारायची. एकेका कामात अशी हजारो झाकणं. गावातली तरुण मुलं बसून अशा गाठींनी झाकणांचे छोटे तुकडे तयार करतात. अनात्सुई ते जमिनीवर मांडतात, फोटो काढतात, हलवतात, पुन्हा मांडतात. तुकड्यांची एकमेकांशी जोडणी त्यानंतर.

आणि झाकणं दारूचीच का? युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू आणली आणि बदल्यात माणसंही नेली. त्या गुलामांच्या कष्टांवर अटलांटिकपलीकडे ऊस पिकला आणि उसाच्या मळीची रम पुन्हा याच व्यापारात आली. झाकणाचा लाल-सोनेरी रंग त्या व्यवहाराची आठवण घेऊन येतो. म्हणून हे साहित्य नुसतं ‘वेगळं’ नाही.

२००७मध्ये व्हेनिस बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या वेळी तिथल्या पालात्सो फोर्तुनी या जुन्या वाड्याचा दर्शनी भाग त्यांच्या पडद्याने झाकला गेला, तेव्हा जगाचं खरं लक्ष गेलं. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. २०१५मध्ये बिनालेतच त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला.

हे पडदे घडी घालून पेटीत बसतात. कसे टांगायचे याच्या ठाम सूचना अनात्सुई देत नाहीत. चुण्या कुठे पडू द्यायच्या, हे त्या त्या संग्रहालयातली माणसं ठरवतात, आणि पुढच्या गावी तोच पडदा वेगळा दिसतो.