एएचपी आणि टॉप्सिस: मार्ग निवडताना कोणतं काय करतं?

ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाली ठाण्याची खाडी आणि काठाने दाट खारफुटी दिसते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन इथे जमिनीखालून जाणार आहे. बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले ७ किलोमीटर खाडीखाली. असा मार्ग ठरवताना खर्च, वेळ आणि खारफुटी एका तराजूत तोलायची कशी? अनेक निकषांवरून पर्याय निवडण्याच्या पद्धतींमध्ये एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) आणि टॉप्सिस ही नावं जोडीने येतात आणि हमखास एकच समजली जातात.

एएचपी थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात मांडली. ती आधी माणसाला बोलतं करते. दोन-दोन निकष समोर ठेवून विचारते, यातलं महत्त्वाचं कोणतं, आणि कितीने? उत्तर १ ते ९ मध्ये द्यायचं. समजा तुम्ही म्हणालात, खारफुटी खर्चाच्या तिप्पट महत्त्वाची आणि खर्च वेळेच्या दुप्पट. मग खारफुटी वेळेच्या सहापट ठरायला हवी, आणि भार, म्हणजे खारफुटी, खर्च आणि वेळ यांचं निर्णयातलं वजन, येतात साधारण ६७, २२ आणि ११ टक्के. पण तिसऱ्या प्रश्नाला 'खारफुटी आणि वेळ सारखेच' म्हणालात, तर विसंगतीचं गुणोत्तर, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळत नाहीत याचं माप, ०.३२ च्या आसपास जातं. चालतं ०.१० पर्यंत. म्हणजे पुन्हा विचार करा. मला ही पद्धत आवडते ती याचसाठी.

टॉप्सिस (ह्वांग आणि यून, १९८१) हे काही विचारत नाही. भार तिला तयार लागतात. कोटी, मिनिटं, हेक्टर ही वेगवेगळी मापं ती एका पातळीवर आणते, मग प्रत्येक निकषातला उत्तम आकडा उचलून एक काल्पनिक आदर्श मार्ग रचते, आणि वाईट आकड्यांचा दुसरा. जो पर्याय पहिल्याच्या जवळ आणि दुसऱ्यापासून लांब, तो वर. यादीत एखादा अगदीच टाकाऊ मार्ग घातला तरी ही टोकं सरकतात आणि क्रम बदलू शकतो.

एएचपीनेही क्रमवारी लावता येते, पण १० निकषांच्याच ४५ जोड्या होतात, मार्गांच्या तुलना वेगळ्या. म्हणून पुष्कळदा भार एएचपीचे आणि क्रम टॉप्सिसचा असं केलं जातं. तेव्हा अहवालात शेवटचा क्रम वाचण्याआधी भार कुणाला विचारून ठरवले ते शोधा. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्यांनाही ती प्रश्नावली मिळायला हवी. ती भरायला गणित लागत नाही, 'हे की ते' एवढंच सांगायचं असतं.